वाचकांचे प्रश्न : सध्या काय ऐकता आहात, आणि का?

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, सध्या आपण कोणती ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकत आहात, नेमकी तीच का निवडली, आणि ऐकताना कोणती शंका मनात येते. इंदूरच्या निरनिराळ्या वसाहतींतून, देवासहून आणि वडोदऱ्याहूनही पत्रे आली. त्यांतील काही निवडक पत्रे संक्षेपाने येथे देत आहे. बहुतेक पत्रलेखकांच्या बोलण्यात एक गृहीतक आढळले, ते असे की खरे गाणे मैफिलीत असते आणि तबकडी, कॅसेट किंवा सीडी ही केवळ तिची उणी प्रत असते. मला हे मान्य नाही. ठरावीक वेळेत, समोर श्रोता नसताना, काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय करून कलावंताने सिद्ध केलेली ती स्वतंत्र रचना असते, आणि तशी ती ऐकली की पुष्कळ शंका आपोआप सुटतात. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून राजेंद्रनगरात राहतो. सध्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी (दीर्घ वेळ वाजणारी तबकडी) ऐकत आहे. जन्म इंदुरात गेला, तरी खाँसाहेबांना नीट ऐकले नाही ही रुखरुख होती, म्हणून ती मिळवली. दरबारी पहिल्याच दिवशी मनात भरला. मारवा ऐकताना मात्र अस्वस्थ होतो. गाणे पुढे सरकत नाही असे वाटते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली हे कळेपर्यंत ती निघून गेलेली असते. माझा कान कमी पडतो, की सुरुवातीलाच अवघड वस्तू हाती घेतली?

उत्तर : आपल्याला जी अस्वस्थता जाणवते ती मारव्याचीच आहे, त्यामुळे कान कमी पडतो असे समजू नये. मारव्यात पंचम (प) वर्ज्य आहे, ऋषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र आहे. हेच सहा स्वर पूरियात आणि सोहनीतही आहेत, पण मारव्यात सारा भार कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत (ध) या दोन स्वरांवर पडतो, आणि ज्या षड्जावर (सा) येऊन श्रोत्याला हायसे वाटते तो षड्ज गायक शक्य तितका लांबवतो. खाँसाहेबांनी या मुद्रिकेत हे लांबवणे फार धीराने केले आहे. ‘पिया मोरे अनत देस’ या बंदिशीत दूरदेशी गेलेल्या प्रियाची वाट पाहणे आहे, आणि षड्जाची वाट पाहायला लावणारे स्वर त्या शब्दांखाली आहेत. एकदा केवळ कोमल ऋषभाकडे लक्ष ठेवून ऐकावे. तो स्वर किती वेळा येतो, किती वेळ उभा राहतो आणि षड्जाला स्पर्श न करताच खालच्या धैवताकडे कसा वळतो, हे ध्यानात आले की गाणे पुढे सरकत नाही ही तक्रार उरत नाही.

समेची अडचण तालामुळे आहे. हा विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल झुमरा तालात आहे. झुमरा चौदा मात्रांचा, त्याचे विभाग तीन, चार, तीन, चार असे पडतात, आणि येथे लय इतकी संथ आहे की एका आवर्तनाला जवळपास मिनिटभर लागते. एवढ्या अवधीत मात्रा मोजत बसलात तर गाणे हातचे जाईल. त्याऐवजी तबल्याच्या डग्ग्याकडे कान ठेवा. ठेका असा चालतो : धिं ऽधा तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट, तिं ऽता तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट. तिसऱ्या विभागात ‘तिं ऽता’ येताना डग्ग्याचा घुमारा थांबतो, ही खाली होय. चौथ्या विभागाच्या आरंभी, म्हणजे अकराव्या मात्रेला, घुमारा परत येतो आणि तेथून समेला चारच मात्रा उरतात. मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या समेकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याची, उचल आता जवळ आली, एवढे त्यावरून समजावे. चार-सहा आवर्तने अशी सोबत केली की सम अंगवळणी पडते. खाँसाहेब तबलजीकडून साधा, भरीव ठेका मागत असत, त्यामुळे या कामी त्यांच्याइतका सोयीचा गवई दुसरा नाही.

ही संथ लय त्यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या गायकीवरून घेतली असे सर्वच जाणकार सांगतात. तानांत देवासच्या रजब अली खाँसाहेबांचा आणि सरगमेत भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांचा प्रभाव सांगतात. या सर्वांच्या मुळाशी वडिलांची शिकवण होती. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारच्या आश्रयाला होते, सारंगी आणि बीन वाजवत, आणि त्यांनी मुलाकडून मेरुखंडाचा कसून अभ्यास करून घेतला. मेरुखंड म्हणजे स्वरांच्या सर्व संभाव्य क्रमांची मांडणी : चार स्वर घेतले तर 24 क्रम होतात, सात घेतले तर 5040. हा अभ्यास नुसता पाठ म्हटला तर कोरडा गणिती खेळ होतो. मारव्याच्या मुद्रिकेत मात्र खाँसाहेब तीन-चार स्वरांच्या आतच फिरत असतात आणि प्रत्येक फेरीत त्यांचा क्रम बदललेला असतो. ते एका जागी थांबले आहेत असे आपल्याला वाटते, ते याच ठिकाणी. तेथे मुद्दाम कान द्या, कारण मला या मुद्रिकेतील सर्वांत समृद्ध भाग तोच वाटतो.

आणखी एक. मैफिलीत हाच ख्याल तासभर चालला असता. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक गाणे मावत नाही, आणि खाँसाहेबांनी तेवढ्यात संथ आलाप, सरगम, ताना आणि द्रुत बंदीश हे सारे बसवले आहे, तेही कोठे घाई केल्याची खूण न ठेवता. सूर्यास्ताचा मारवा एका बाजूला आणि उत्तररात्रीकडे झुकणारा दरबारी दुसऱ्या बाजूला, अशी ही जोडी आहे. दोन्ही बाजू एकाच बैठकीत ऐकल्या तर दरबारी अधिकच खोल वाटतो, कारण मारव्याने ताणून धरलेला कान दरबारीतल्या मंद्र षड्जावर येऊन विसावतो. आपल्याला तो लगेच आवडला याचे श्रेय काही अंशी मारव्यालाही द्यावे लागेल.

प्रश्न : मी फोनवरच गाणी ऐकते. एका ध्वनिमुद्रिकेतील गाणे संपले की भलतेच काहीतरी लागते. सुदामानगरातून राजवाड्यापर्यंतच्या प्रवासात ऐकण्याचा आनंद कसा टिकवावा?

उत्तर : गाणी मिसळून वाजवण्याची आणि ‘यासारखे आणखी’ आपोआप लावण्याची, अशा दोन्ही सोयी बंद कराव्यात. मूळ मुद्रिकेतील क्रम शोधून ती संपूर्ण फोनमध्ये उतरवून घ्यावी, म्हणजे मध्येच नेटवर्क गेले तरी खंड पडणार नाही. विलंबित ख्याल मात्र रहदारीत ऐकू नये, कारण मंद्र सप्तकातील स्वर आणि तानपुरा हे दोन्ही वाहनांच्या आवाजात बुडून जातात आणि मग उरलेले गाणे विनाकारण कंटाळवाणे वाटते. प्रवासात टप्पा, तराणा, नाट्यपद अशा मध्य आणि द्रुत लयीच्या गोष्टी चांगल्या. मालिनीताई राजूरकरांचे टप्पे यासाठी सुचवतो. ग्वाल्हेर घराण्याची ही अवघड चीज त्यांच्या गळ्यातून इतक्या स्पष्ट दाण्यांनी येते की गोंगाटातही तिचा एकही कण हरवत नाही.

प्रश्न : मी देवासला शिक्षक आहे. पहाटे फिरायला जाण्यापूर्वी कुमारजींची, म्हणजे पंडित कुमार गंधर्वांची, निर्गुणी भजने लावण्याचा आमच्या घरचा परिपाठ आहे. हल्ली त्यांच्या रागसंगीताच्या ध्वनिमुद्रिकाही ऐकू लागलो आहे. त्यांत पुष्कळ राग थोडक्यात आटोपतात. एका परिचितांचे म्हणणे असे की, क्षयाने फुप्फुस निकामी झाल्यामुळे त्यांना लांबवर गाता येत नसे, म्हणून हे असे. हे कितपत खरे आहे? आणि भजने व ख्याल यांत कुमारजी दोन निरनिराळे गायक वाटतात, असे का?

उत्तर : आपल्या परिचितांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. कुमारजी 1948 साली कोरड्या हवेसाठी देवासला आले, तेव्हा ते क्षयाने अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी गाणे पूर्ण बंद केले होते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध उपलब्ध झाल्यावर ते बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले, तरी फुप्फुसाची हानी कायम राहिली. दीर्घ श्वासावर चालणारी तान त्यांनी कमी केली आणि लहान, टोकदार स्वरवाक्यांची योजना केली, हे शरीराच्या मर्यादेशी जुळवून घेणे होते. परंतु याच कुमारजींनी पुढे कित्येक वर्षे तासन्‌तास चाललेल्या मैफिली गाजवल्या. राग किती वेळ गावा हा प्रश्न त्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला होता. प्रत्येक बंदिशीत रागाचे एक विशिष्ट रूप असते आणि ते रूप पुरे उभे राहिले की थांबावे, असा त्यांच्या गायनाचा रोख आहे. म्हणूनच एका रागाच्या दोन-तीन बंदिशी ते पाठोपाठ गातात आणि दर वेळी रागाचा चेहरा बदललेला दिसतो. पहिली बंदीश आटोपली असे आपल्याला वाटते, त्या वेळी पुढची बंदीश त्याच रागातले पहिलीने न सांगितलेले काही सांगू लागलेली असते. त्या लागोपाठ ऐका आणि दोन्हींचे मुखडे कोणत्या स्वरावरून उचलले आहेत तेवढेच ताडून पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावातच आहे. आजारपणात कुमारजींच्या कानावर माळव्यातील बायकांची लग्नातली, सणावारांची, पावसाची गाणी पडत होती. दोन-चार स्वरांत फिरणाऱ्या या धुना त्यांनी कान देऊन ऐकल्या, पुढे त्यांचे स्वरलेखन केले, आणि कोणत्या धुनेत कोणत्या रागाचे बीज आहे याचा शोध घेतला. त्यातूनच धुनउगम राग जन्मले. त्यांच्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकाचा पहिला भाग 1965 साली प्रसिद्ध झाला, त्यात हे राग आणि त्यांच्या बंदिशी आहेत. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी (साधूंचा पेटता ठेवलेला अग्नी) आहे आणि नाथपंथी भजनांचा वारसा तेथे जुना आहे. निर्गुणी भजनांचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची तऱ्हा, कुमारजींनी या परंपरेतून उचलला. ‘उड जायेगा हंस अकेला’ ऐकताना पाहा : स्वर एकदम वर फेकला जातो आणि तेथे न रेंगाळता तोडला जातो, मग क्षणभर फक्त तंबोरे ऐकू येतात. गावोगाव फिरणाऱ्या जोग्याच्या हाकेतला हा लगाव आहे. त्यांच्या एखाद्या धुनउगम रागाची, समजा लगनगंधाराची, मुद्रिका यानंतर लगेच लावावी. तेच स्वर फेकणे, तेच तोडणे, तोच तंबोऱ्यावर सोडून दिलेला अवकाश तेथेही सापडेल. आपल्याला जे दोन गायक वाटतात ते एकाच मातीत वाढलेले एकच गायक आहेत, आणि देवासकरांना हे इतरांपेक्षा लवकर उमगायला हवे असे मला मनापासून वाटते.

तंबोऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. कुमारजींच्या मुद्रिका लहानशा स्पीकरवर ऐकू नयेत. त्यांचे तंबोरे इतक्या बारकाईने जुळवलेले असत की गाण्यातील अर्धी शांतता त्या नादाने भरलेली असते. तो नाद ऐकूच आला नाही तर मधल्या जागा केवळ रिकाम्या वाटतात, आणि गाणे तुटक असल्याचा गैरसमज होतो.

प्रश्न : आमच्या घरी सध्या ‘शिवकल्याण राजा’ चालू आहे. माझी मुले हिंदी माध्यमाच्या शाळेत जातात, घरी मराठी बोलतात पण कवितेची मराठी त्यांना कळत नाही. लतादीदी इंदूरच्या म्हणून मुलांनी कौतुकाने ऐकायला सुरुवात केली, पण दोन-तीन पदांनंतर लक्ष उडते. काय करावे?

उत्तर : दीदींचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी याच शहरात झाला, त्यामुळे मुलांचे कुतूहल योग्य जागी आहे. तीच वाट पुढे न्यावी. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्या 1974 साली ही ध्वनिमुद्रिका निघाली, संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे आहे, आणि पदांना जोडणारे निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे आहे. मूळ क्रम मोडू नये असे मी एरवी आग्रहाने सांगतो. आपल्या मुलांसाठी मात्र सुरुवात कवी भूषणाच्या छंदाने करावी. ‘इंद्र जिमि जंभ पर, बाडव सुअंभ पर, रावण सदंभ पर रघुकुलराज है’ ही ब्रजभाषा आहे, आणि हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलांना ती पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जवळची वाटेल. याच भूषणाने बुंदेलखंडाच्या छत्रसालावरही काव्य रचले, हे सांगितले तर शिवाजी महाराज आणि मध्य प्रदेश यांचे नातेही मुलांच्या ध्यानात येईल. इंद्राने जंभासुरावर, रामाने रावणावर, तसे महाराजांनी म्लेंच्छांवर, अशी उपमांची जी रांग या छंदात लागते ती वीज पडावी तशा ठेक्यावर आली आहे. अर्थ कळण्यापूर्वीच मुले ती म्हणू लागतील.

त्यानंतर कुसुमाग्रजांचे ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ घ्यावे, पण आधी प्रतापराव गुजरांची नेसरीची हकीकत मुलांना गोष्टीसारखी सांगावी. ही घटनाही 1674 सालचीच, राज्याभिषेकाच्या काही महिने आधीची. कथा माहीत असली की ‘सात’ या शब्दाचे वजन कळते. समर्थांचे ‘निश्चयाचा महामेरू’ सर्वांत शेवटी ठेवावे. त्यातील विशेषणांची एकेक ओळ पाठ करण्याजोगी आहे, आणि ती लतादीदींच्या उच्चारांसह पाठ झाली तर ‘च’, ‘ज’ आणि ‘ळ’ या मराठी वर्णांसाठी निराळी शिकवणी लागणार नाही. हे तीन टप्पे पार पडल्यावर मुद्रिका पहिल्यापासून निवेदनासह लावावी. निवेदन गाळू नये. पदांतील प्रसंग एकमेकांना त्याच धाग्याने जोडले आहेत, आणि परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना इतकी भारदस्त मराठी एरवी ऐकायला कोठे मिळणार?

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. वसतिगृहातील मित्रामुळे ‘बैजू बावरा’तील ‘आज गावत मन मेरो’ ऐकले आणि तेव्हापासून तेच ऐकतो आहे. शास्त्रीय संगीत शिकलेलो नाही. यानंतर काय ऐकावे?

उत्तर : 1952 सालच्या या चित्रपटात संगीतकार नौशाद यांनी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर या दोघांना देसी रागातील जुगलबंदीसाठी एकत्र आणले. तानसेनासाठी खाँसाहेबांचा आवाज आहे आणि बैजूसाठी पलुस्करांचा. आपण हे पद अनेकदा ऐकले असेल तर दोन्ही आवाज वेगळे ओळखता येऊ लागले असतील, आणि तीच शिदोरी पुढे पुरेल. पलुस्करांकडून आरंभ करावा. ते 1955 साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, भारतात एलपीचा काळ सुरू होण्याच्या आधीच, त्यामुळे त्यांचे त्या काळचे बहुतेक ध्वनिमुद्रण छोट्या तबकड्यांसाठीचे आहे. ‘ठुमक चलत रामचंद्र’ आणि ‘चलो मन गंगा जमुना तीर’ ही भजने घ्या. ती नुसती गोड म्हणून सुचवत नाही. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीचे शब्द, लय आणि स्वर हे तिघे एकमेकांना न ढकलता कसे चालतात ते या भजनांत अगदी उघडपणे ऐकू येते, आणि हे कानात बसले की त्यांचे ख्याल परके वाटत नाहीत. अमीर खाँसाहेबांसाठी सध्या मारवा नको. पावसाळा आहे, त्यांचा मेघ ऐका. मेघात गांधार (ग) आणि धैवत नाहीत, पाचच स्वर आहेत, आणि आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, ऋषभ कानाला चटकन ओळखू येतो. नवख्या श्रोत्याला पकडून ठेवायला तेवढी खूण पुरते.

प्रश्न : मूळची इंदूरची, लग्नानंतर वडोदऱ्यात स्थायिक. सासरच्या माळ्यावर जुन्या 78 वेगाच्या तबकड्यांची पेटी सापडली. त्यांत उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या काही आहेत. ते बडोदा दरबारचे गायक, म्हणून घरात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण तबकडीची एक बाजू सुरू होते तोच संपते. एवढ्याशा वेळात राग तो काय दिसणार, असे वाटून पेटी पुन्हा बंद केली. या तबकड्या जपाव्यात का, आणि ऐकाव्यात कशा?

उत्तर : जरूर जपाव्यात. प्रथम काळजीविषयी लिहितो, कारण चुकीच्या सफाईने त्या एका दुपारीत नष्ट होऊ शकतात. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. स्पिरिट, कोलनवॉटर किंवा मद्यार्क असलेला कोणताही द्रव त्यांना लावू नये, लाख त्यात विरघळते. मऊ कापड ऊर्ध्वपातित पाण्यात अगदी किंचित ओले करून, मधल्या कागदी लेबलाला पाणी न लावता, खाचांच्या दिशेने पुसावे आणि सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. तबकड्या एकीवर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, कारण त्या ठिसूळ असतात आणि वजनाने तडकतात. माळ्यावर मुळीच ठेवू नयेत, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात तेथे त्या वाकतील.

आता वाजवण्याविषयी. एलपीची सुई त्यांवर चालवू नये. 78 च्या तबकडीची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, तीत एलपीची बारीक सुई तळाशी घसरत राहते, त्यामुळे खरखर वाढते आणि सुईही खराब होते. त्यासाठी वेगळी सुई मिळते, ती बसवून घ्यावी. घरात चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला नवी लावावी, तीच पुन्हा वापरली तर ती खाच खरवडते. एकदा चांगल्या यंत्रावर वाजवून त्यांची डिजिटल प्रत करून ठेवावी आणि नेहमी ऐकायला ती प्रत वापरावी. प्रत करताना वेग तपासून घ्यावा, कारण जुन्या तबकड्या सर्वच्या सर्व नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसतात. वेग थोडा जरी वाढला तरी सूर चढतो आणि आवाज पातळ होतो. फैयाज खाँसाहेबांचा आवाज भारदस्त, ढाल्या म्हणजे खालच्या पट्टीतल्या स्वराचा होता. आपल्या प्रतीत तो बारीक वाटला तर वेग चुकला असे समजावे.

ज्या शहरात आपण राहता तेथे मौलाबक्षांनी 1886 साली संगीतशाळा सुरू केली, आणि 1916 साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसाहेब मानाने राहिले, आणि 1950 साली त्यांचे निधन झाले. आग्रा घराण्याचा हा गवई मैफिलीत नोमतोमचा, म्हणजे ‘नोम्’, ‘तोम्’ अशा अक्षरांवरचा, दीर्घ आलाप करी, आणि तबकडीवर त्याला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. एवढ्याशा वेळात राग तो काय दिसणार, असे आपण विचारता. पेटीत नटबिहागातील ‘झन झन झन झन पायल बाजे’ असेल तर ती पहिली लावा. मुखड्याच्या पहिल्याच उठावात राग समोर येतो, बोल लयीशी खेळत खेळत समेवर येतात, आणि प्रत्येक वेळी समेवर येण्याची तऱ्हा निराळी असते. खाँसाहेबांनी मैफिलीतील गाणे कापून लहान केलेले नाही. त्या अवधीसाठी त्यांनी वेगळेच गाणे बांधले, ज्यात आलापाचे काम मुखड्यांकडे दिले आहे. एकच बाजू लागोपाठ चार-पाच वेळा ऐकावी लागेल, एवढी त्यात भर आहे.

आपण माहेरच्या इंदूरकर आहात म्हणून आणखी एक सुचवतो. फैयाज खाँसाहेबांनी ललत रागातील ‘तडपत हूँ जैसे जल बिन मीन’ ही बंदीश याच छोट्या तबकडीसाठी गायली आहे. अमीर खाँसाहेबांच्या मेघाच्या एलपीच्या दुसऱ्या बाजूला ललत आहे, आणि त्यातील विलंबित ख्यालाचे बोल हेच आहेत. राग एक, शब्द एक, दोन दरबारांच्या छायेत वाढलेले दोन गवई. फैयाज खाँसाहेब ‘तडपत’ या शब्दावर झेप घेतात आणि तगमग बोलांच्या फेकीतून दाखवतात. अमीर खाँसाहेब तोच शब्द इतका सावकाश उलगडतात की ललतातले शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकामागून एक सुटे सुटे ऐकू येतात, आणि तगमग त्या दोन मध्यमांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत साठते. पहाटेच्या वेळी आधी बडोद्याची तबकडी आणि मग इंदूरची एलपी या क्रमाने ऐका. उलट क्रमाने ऐकल्यास तीन मिनिटांचे गाणे घाईचे वाटण्याचा धोका आहे, आणि ते तसे नाही. दोन्ही ऐकून झाल्यावर आपल्याला काय आढळले ते अवश्य कळवावे, पुढील अंकात आपले पत्र सर्वांत आधी घेऊ.